वाघ नको म्हटलं

बाबांच्या लेखी पात्यांचे प्रकार दोनच. एक पातं असं की माणूस वर्षभरानं धार लावायला घेऊन येतो, आणि दुसरं असं की आठ दिवसांत भांडायला घेऊन येतो. विळा, कुऱ्हाड, पावशी, खुरपं, वखराची पास, सगळ्यांना हाच कायदा. आमचं घर खात्याचं, म्हणजे लोहाराचं, गाव यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे. रोहिण्या लागल्या की दारात पाशींचा ढीग पडतो. प्रत्येकाला आपली पास आजच्या आज पाजवून हवी असते, आणि त्या दिवसांत बाबांना जेवायला चार हाका माराव्या लागतात. या घरात मी तिसरा प्रकार आणला. जे पातं कोणी परत आणतच नाही, कारण ते काचेच्या कपाटात राहतं.

मी नागपूरला दागिन्यांच्या डिझाइनचा कोर्स केला, इतवारीत सराफी दुकानांसाठी काही वर्षं नेकलेस आणि बांगड्यांची चित्रं काढली आणि घरी परत आले. का आले ते वेगळं पुराण आहे, इथे नको. आता भट्टी बाबांची आणि कागद-पेन्सिल माझी, असं आमचं चालतं. मागणी येईल तशी नक्षीची सुरी करायची, एकसारखी दुसरी नाही. पुण्या-नागपूरकडे, बंगळुरूकडे अशा सुऱ्या जमवणारे लोक आहेत. गावात या धंद्याला ‘पोरीचे चाकू’ म्हणतात आणि पुढे कोणी फारसं विचारत नाही.

बहुतेकांना वाटतं, नक्षीची सुरी म्हणजे एक साधी सुरी आणि तिच्यावर चढवलेली नक्षी. तसं असतं तर बाबांनी सुरी करून माझ्या हातात द्यायची आणि मी ती सजवायची, इतकं काम सोपं होतं. पण नक्षी कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे लोखंड आणि विस्तव ठरवतात. घणाचा पहिला घाव पडायच्या आधीच ते बरंचसं ठरून गेलेलं असतं. मागच्या एका सुरीच्या निमित्तानं हे लिहून काढावंसं वाटलं.

गिऱ्हाईक नागपूरचे, निवृत्त डॉक्टर. फोनवर पहिलंच वाक्य, “पात्यावर वाघ पाहिजे.” विदर्भात राहून वाघाला नाही म्हणणं म्हणजे जवळजवळ गद्दारी. रिसॉर्टच्या फाटकावर वाघ, टी-शर्टवर वाघ, ऑटोच्या पाठीवर वाघ, चहाच्या मगावर वाघ. वाघाचा मला राग नाही. पण पात्यावर तोंड काढलं की माणूस ते तोंड बघतो, पातं बघत नाही. पात्याला स्वतःची एक रेघ असते, पाठीकडून टोकाकडे उतरणारी. त्या रेघेच्या मध्येच दोन डोळे आणि मिशा आल्या की ती तुटते. मग ती सुरी उरत नाही, चित्राची फ्रेम होते. मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, वाघ नको.” मागून बाबांनी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात जोडलं, “वाघ पाहाचा असन त टिपेश्वरले जाव म्हणा.”

डॉक्टर हसले म्हणून बरं. बोलता बोलता कळलं की त्यांना अकीकाचे खडे जमवायचा नाद आहे. मग मी माहूरझरीचं नाव काढलं.

नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्याच्या अंगाला माहूरझरी आहे. तिथे दगडांच्या वर्तुळांखाली महापाषाण काळातल्या माणसांची दफनं आहेत. १९७० ते ७२ या काळात शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केलं. लोखंडाच्या कुऱ्हाडी निघाल्या, कट्यारी निघाल्या, घोड्याच्या अंगावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार निघाले. अकीक आणि त्याच्या जातीच्या दगडांचे मणी घडवायचंही ते मोठं ठिकाण होतं. तिकडे पारशिवनी तालुक्यात नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे आमच्या धंद्याचे मूळपुरुष फार लांबचे नाहीत, दोन जिल्हे ओलांडले की भेटतात. पण माझ्या डोक्यात बसली ती एकच गोष्ट. माहूरझरीच्या काही लोखंडी कट्यारींना तांब्याची मूठ आहे.

तांबं मऊ. लाकडाची किंवा शिंगाची मूठ घातली असती तरी कट्यार तेवढीच खोल गेली असती. लोखंड घडवणाऱ्याला ते कळत नव्हतं असं कोण म्हणेल? तरीही त्यानं तांबं घेतलं, पत्रा ठोकला, बसवला. काळ्या लोखंडाशेजारी लालसर तांबं कसं दिसतं, ते त्याला दाखवायचं होतं. मी हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मंजे अडीच हजार वरसापासून गिऱ्हाईकाले चमकच पाहिजे.” पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य परीक्षेत लिहायला हरकत नाही.

तर ठरलं. पोलादी पातं, मुठीला पुढे-मागे तांबं, मध्ये लाकूड आणि शेवटच्या टोकाला कोंदणात एक लाल अकीक. चांदी नाही, मोती नाही, वेलबुट्टी नाही. तांबं आणि अकीक एका मुठीत आले की तिसरा रंग आणायचा नाही, असा मी स्वतःला दम दिला. सराफ्यात काम केलेल्या माणसाला हा दम द्यावा लागतो. तिथे रिकामी जागा दिसली की लगेच काहीतरी भरायची सवय लागते.

कागदावर मी सुरी खऱ्या मापाची काढते. पातं सात इंच, रुंदी दीड इंचाच्या आत. हे माप केवळ डोळ्याला बरं दिसतं म्हणून नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांची जी यादी आहे, तीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी येते. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळून. बाबांचा कोयता त्या वगळलेल्यांत बसतो, माझी नक्षीची सुरी बसेलच असं नाही. म्हणून मी आत राहते. चित्र झालं की पुठ्ठा कापायचा आणि तो मुठीत धरून बघायचा. पुठ्ठ्याला वजन नसतं, पण मूठ हाताला कुठे टोचते ते तो सांगतो. वजनाचं नंतर. तोल पहिल्या बोटाखाली, तांब्याच्या जवळपास यायला हवा. पातं मुठीपासून टोकाकडे पातळ होत गेलं नाही, तर सुरी तोंडावर पडते, मग तुमची नक्षी कितीही भारी असो.

शिंगाचाही विषय निघतोच, म्हणून लिहून टाकते. सांबराच्या शिंगाची मूठ मागणारे लोक अजून भेटतात. “जंगलात गळून पडलेलं असतं ना, ते घ्या,” म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि गळून पडलेलं शिंगही उचलून मुठीला लावता येत नाही. पुन्हा विचारू नये.

आता पोलाद. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पात्यात पाण्यावरच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते, ती कोरलेली नसते, रंगवलेली नसते. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून, भट्टीत तापवून, घणानं एकजीव केलेल्या असतात. याला सगळे दमास्कस म्हणतात. खरं जुनं दमास्कस म्हणजे आपल्याच दक्षिणेत मुशीत तयार होणारं पोलाद, तेलंगणात निजामाबादकडे कोनसमुद्रमला व्हायचं तसं, आणि त्यातली नक्षी पोलाद थंड होताना आतच धरते. आम्ही करतो ते थरांचं काम आहे. अमेरिकेत बिल मोरान या सुरीवाल्यानं १९७३ मध्ये अशी थरांची पाती लोकांपुढे ठेवली आणि तिकडे हे काम पुन्हा सुरू झालं. आता ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका टिनाच्या शेडमध्येही होतं.

एक पोलाद १०९५ जातीचं, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. दुसरं आरागिरणीच्या मोठ्या पट्टा-करवतीचं. लाकडाच्या अशा करवतींचं पोलाद बऱ्याचदा १५एन२० जातीचं असतं, त्यात निकेल सुमारे २ टक्के. विदर्भात आरागिरण्यांना तोटा नाही, त्यामुळे तुटके पट्टे मिळतात. पण नुसत्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. तुकडा घासून आम्लात बुडवायचा. निकेल असेल तर पांढरा राहतो, नसेल तर काळा पडतो. काळा पडला की तो तुकडा बाबांच्या खुरप्यांकडे जातो.

सात पट्ट्या आलटून पालटून रचल्या, कडा वेल्डिंगनं धरल्या, वर टाकणखार टाकला. टाकणखार वितळून लोखंडावरची पापडी विरघळवतो आणि नवी धरू देत नाही. भट्टी साडेबाराशे अंशांच्या आसपास जाते तेव्हा पट्टीचा रंग लाल नसतो, नारिंगीही नसतो. लोण्यासारखा पिवळा होतो आणि वरचा टाकणखार थरथरल्यासारखा दिसतो. पहिले घाव जोराचे नकोत. चिकटवायचं आहे, चेपायचं नाही. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं. कुऱ्हाडीच्या लोखंडात धारेपुरती पोलादाची पट्टी घालायची रीत त्यांना बापाकडून आलेली, आणि तेही हेच काम आहे. पट्टी लांबवली, तिचे तीन तुकडे करून पुन्हा रचले, पुन्हा एकजीव केले. सातांचे एकवीस, एकवीसांचे त्रेसष्ट. तिथे थांबलो. लोकांना वाटतं जितके थर जास्त तितकी सुरी भारी. थर फार झाले की रेघा इतक्या बारीक होतात की लांबून सगळं करडंच दिसतं. आकडा ऐकायला चांगला, बघायला नाही.

मग पट्टीच्या दोन्ही अंगांनी आडव्या खाचा पाडल्या, समोरासमोर येऊ न देता, आणि पट्टी पुन्हा ठोकून सपाट केली. खाचेतला खालचा थर वर येतो, त्यामुळे पात्यावर एकामागून एक आडवे पट्टे उमटतात. हे मला कागदावरच हवं होतं. वाघाच्या अंगावरही पट्टेच असतात, हे मी डॉक्टरांना मुद्दाम सांगितलं नाही.

यात एक गंमत आहे, जी मला फार आवडते. दोन पोलादांत कार्बन कमी-जास्त असतो, पण एवढ्या उष्णतेत कार्बन एका थरातून दुसऱ्यात भराभर सरकतो आणि थोड्याच वेळात सगळीकडे सारखा होतो. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही. म्हणजे जी नक्षी दिसते ती निकेलची. सगळ्या थरांची ताकद सारखीच. एक थर कडक, एक मऊ, असं जे सांगितलं जातं, ते या पोलादात खरं नाही. नक्षीनं धारेकडून काही घेतलेलं नसतं आणि तिला काही दिलेलंही नसतं.

पातं घडवून, कानशीनं आकारात आणून, पाणी द्यायची, म्हणजे तापवून एकदम निववून पातं कडक करायची, वेळ आली की आम्हा बाप-लेकीचं ठरलेलं भांडण होतं. बाबा रंग बघतात. त्यासाठी काम दिवेलागणीला करायचं, शेडमध्ये अंधार हवा. मी लोहचुंबक धरते. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटत नाही. तिथून रंग अजून थोडा वर गेला की पातं तयार. बाबा म्हणतात, “चुंबक कायले? डोये हायेत ना.” त्यांचे डोळे चुकत नाहीत हे मला माहीत आहे. पण सोळा-सतराशे रुपयांच्या खुरप्यांच्या गठ्ठ्यावर विश्वास ठेवणं वेगळं आणि माझ्या पात्यावर वेगळं, असं मी त्यांना सांगते, आणि मग ते माझ्याशी पाणी देईपर्यंत बोलत नाहीत.

पाणी म्हणतो, पण देतो तेलात. १०९५ पाण्यात घातलं तर तडकायची भीती मोठी. शेंगदाण्याचं तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून घेतो. कोमट तेल पातळ असतं, पात्याला नीट भिडतं आणि उष्णता लवकर ओढतं. आणि पातं आख्खं बुडवत नाही. फक्त धारेची बाजू. पाठ बाहेर राहते, सावकाश निवते, म्हणून मऊ राहते. बाबा विळ्या-कुऱ्हाडींना हेच करत आले. धार कडक, पाठ मऊ, म्हणजे दणका बसला तर पातं वाकेल, मोडणार नाही. ही पाठ मऊ ठेवण्याची गोष्ट पुढे माझ्या फार कामाला आली.

मग पातं घासून, कडकपणा थोडा उतरवायला, घरातल्या ओव्हनमध्ये, दोनशे अंशांवर, दोनदा दोन-दोन तास. पात्यावर गवताचा फिका पिवळा रंग चढतो. कुऱ्हाडीला बाबा जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात, कारण तिला धारेपेक्षा चिवटपणा जास्त लागतो. आईचं म्हणणं एवढंच की ओव्हन नानखटाईसाठी घेतला होता आणि आता नानखटाईला भुईमुगाच्या घाण्याचा वास येतो.

मध्येच डॉक्टरांचा फोन. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना, ती बातमी त्यांनी वाचलेली. “माझंही नाव तसं सोन्यात येईल का?” नागपूरकर माणूस, त्याला रघुजीराजांशी बरोबरी करावीशी वाटली तर काय करणार. त्या तलवारीचं पातं युरोपातलं आहे, एका धारेचं, आणि पात्यावर सोन्यानं देवनागरीत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असं लिहिलेलं आहे. मुठीवरही सोन्याचं कोफ्तगिरीचं काम आहे. बाबांना मी फोटो दाखवला. बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघितला आणि म्हणाले, “पातं फिरंग्याचं, मूठ आपली. मंजे तवाही जोडकामच होतं.”

कोफ्तगिरी म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग बारीक छिन्नीनं उभा-आडवा खरवडायचा, इतका बारीक की बोट फिरवलं तर मखमल लागावी. त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार मांडून हलक्या हातोडीनं ठोकायची. तार त्या दातांत अडकते. शेवटी गुळगुळीत अकीकानं घोटायची. उदयपूर-जयपूरकडे हे काम करणारे कारागीर आहेत. पण छिन्नी चालायची तर पोलाद मऊ हवं. पाणी दिलेल्या धारेवर छिन्नी घसरते, तिचंच टोक मोडतं. आणि पाणी द्यायच्या आधी अक्षरं घातली, तर आठशे अंशांच्या विस्तवात पोलादावर पापडी धरते आणि सगळं उखडतं. म्हणजे सोनं बसवायची जागा एकच उरते. पाणी न दिलेली, मऊ राहिलेली पाठ. बाबांच्या अर्ध्या बुडवण्यानं ती जागा मला आयती मिळाली. सगळ्या पात्याला पाणी दिलं असतं तर मी डॉक्टरांना सरळ नाही म्हटलं असतं.

आख्खं नाव मी लिहिलं नाहीच. पाठीवर मुठीजवळ त्यांची दोन आद्याक्षरं, तांदळाच्या दाण्याएवढी. सुरी आडवी ठेवली तर दिसत नाहीत, हातात धरून वरून पाहिलं तर दिसतात. ज्याची सुरी त्यालाच दिसावीत. मी सांगितलं होतं की तिसरा रंग आणणार नाही, म्हणून सोनं असं लपवावं लागलं.

आणि क्रमही चुकवून चालत नाही. आधी आम्ल, मग सोनं. नक्षी उघडायला पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किटच्या पाट्या कोरायला वापरतात तेच, नागपूरला सीताबर्डीत मिळतं. साधं पोलाद त्यात खाल्लं जातं आणि काळं पडतं, निकेलचं उजळ राहतं. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, नाहीतर आम्ल आत काम करतच राहतं. त्यानंतर काळं अजून गडद व्हावं म्हणून पातं रात्रभर कडक इन्स्टंट कॉफीत उभं करायचं. हो, कॉफीत. गावातल्या किराणा दुकानदाराला माझं फार कोडं आहे. मोठी बाटली नेते आणि आमच्या घरी आलेल्याला चहाच मिळतो.

लाकडासाठी मी शिसम घेतलं नाही. शिसमाची मूठ सगळेच करतात, आणि तांब्याशेजारी ते जांभळट दिसतं. बाबांच्या मागच्या पडवीत एका मोडक्या बैलगाडीचं तिवसाचं लाकूड पडून होतं. तिवस चिवट, गाडीला आणि वखराला आमच्याकडे ते वापरत आले. अनेक उन्हाळे-पावसाळे खाल्लेलं लाकूड म्हणजे मला लॉटरी होती. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. ओल्या लाकडाची मूठ मेमध्ये बसवली तर फट पडते, आणि कोरड्या लाकडाची नीट न मुरवता बसवली तर श्रावणात फुगून तांब्याच्या वर येते. जुनं लाकूड आपलं फुगणं-आकसणं बरंच करून बसलेलं असतं. वरून जवसाचं तेल, पातळ हातानं, पुन्हा पुन्हा. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, नुसतं चोपडून राहत नाही. जवस आमच्याकडे पिकतो, म्हणून त्याचं कौतुक वाटत नाही, एवढंच.

पूर्वी पात्याची शेपटी मुठीत लाखेनं आणि राळेनं बसवायचे. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याला लाख होतेच. मला ती रीत आवडते, कारण मूठ तापवली की मोकळी होते आणि पातं पुन्हा काढता येतं. पण नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत सुरी राहिली तर लाख नरम पडेल आणि मूठ डुगडुगेल. म्हणून एपॉक्सी. बाबांचा एपॉक्सीवर विश्वास नाही. “गोंदावर पातं उभं करते का कोणी?” म्हणून तांब्याच्या खिळ्याही आरपार घातल्या, दोन्हीकडून ठोकून फुलवल्या. आता गोंद सुटला तरी मूठ सुटणार नाही.

तांब्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तांबं आणि पोलाद एकमेकांना लागून असतील आणि मध्ये ओल शिरली, तर गंज तांब्याला चढत नाही, पोलादाला चढतो, आणि एकटं असताना चढेल त्यापेक्षा लवकर. म्हणून सांध्यात मेण भरलं, पात्यावर मेणाचा हात दिला, आणि डॉक्टरांना सांगितलं की सुरी चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यातली ओल पात्याला खाते. म्यान दाखवायला, सुरी कपाटात उघडी.

खरं तर इथे संपायला हवं होतं. सुरी झाली, पेटी झाली, कुरियरवाल्याला सांगून झालं. पण बाबा पेटीवर हात ठेवून बसले. “कापून पाह्यलं का?”

मी म्हटलं, ही कापायची नाही, ठेवायची आहे.

“मंग मी कायले पाणी देल्लं याले?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला नकोही होतं. मला पूर्वीपासून वाटतं की जे पातं कापू शकत नाही त्याच्यावरची नक्षी खोटी असते. नुसतं पातं दिसावं म्हणून पत्रा कापून आम्लात बुडवून विकणारे बाजारात भरपूर आहेत. ऑनलाइन शंभरांनी मिळतात, पाणी न दिलेले. दिसायला माझ्या सुरीहून चकचकीत. दोन्हींत फरक काय, हे कपाटाच्या काचेतून कळत नाही. तो फक्त दोर कापताना कळतो.

तिकडे अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची संस्था आहे. तिची परीक्षा बाबांना मी मागेच समजावून सांगितली होती. एक इंच जाड दोर नुसता टांगलेला, तो एका वारात कापायचा. मग इमारती लाकडाच्या पट्ट्या तोडायच्या. त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस निघायला हवेत. आणि शेवटी पातं शिकंजात धरून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचं, मोडायला नको. बाबांना ही परीक्षा एवढी पटली की त्यांना वाटतं ती खात्यांनीच लावली असणार.

वाकवायचं काम आधीच झालेलं होतं. त्याच पट्टीचं एक उरलेलं पातं, बिनमुठीचं, पाणी दिलेलं. त्याला शिकंजात धरून पाइप लावून बाबांनी वाकवलं. पाठ मऊ, म्हणून वळलं. धारेला बारीक चीर गेली, पण तुटलं नाही. ते वाकडं पातं आता शेडच्या खांबावर टांगलेलं आहे आणि गिऱ्हाइकांना दाखवायला मला फार उपयोगी पडतं.

डॉक्टरांच्या सुरीनं फक्त दोर कापायचा, असं ठरलं. बैलाच्या कासऱ्याचा जाड दोर बाबांनी आडव्या बल्लीला टांगला, खाली काही न बांधता. धार बरोबर नसेल तर असा दोर कापला जात नाही, नुसता झुलतो. बाबा म्हणाले, “दोर कापला त देजो. नाई कापला त ठेवजो घरी, पावशी करू याची.” वार त्यांनीच केला, कारण माझा हात डगमगला असता. दोर खाली पडला. मग त्यांनी मनगटावरचे चार केस काढून बघितले, सुरी फडक्यानं पुसली, माझ्याकडे दिली आणि पाशींच्या ढिगाकडे वळले. रोहिण्या लागल्या होत्या.

दोराच्या काथ्यानं धारेजवळ, काळ्या थरावर, एक बारीकशी पुसट रेघ आली होती. उजेडात तिरकं धरलं तरच दिसावी इतकी. ती मी तशीच ठेवली आणि पेटी पाठवली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. सुरी आवडली, अकीक आवडला, अक्षरं शोधायला लागली पण सापडली. “फक्त धारेजवळ एक घासल्याची खूण आहे, ती पॉलिश करून मिळेल का?”

म्हटलं, “मिळेल ना. पाठवून द्या. पण साहेब, पॉलिश केलं की बाबा पुन्हा दोर कापून बघतील.”